हॅम रेडिओच्या एचएफ स्टेशनचं वायरिंग: मोर्सची की (कळ) दाबली की डिस्प्ले मंदावतो, रेडिओच्या पत्र्याला झिणझिण्या येतात

नवा_हॅम_पुणे:
नमस्कार मंडळी. मांडणी सांगतो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, १०० वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) ट्रान्सीव्हर. बाजारात मिळणारा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा जाळीच्या डब्यातला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), पॉट फिरवून १३.८ व्होल्टवर लावलेला. सप्लाय कपाटाखाली, रेडिओ टेबलावर, मध्ये २.५ स्क्वेअर एमएमची ४ मीटर वायर. गच्चीवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल अँटेना, तिथपर्यंत ३० मीटर आरजी-५८ कोअॅक्स केबल. अर्थिंगसाठी रेडिओच्या मागच्या स्क्रूपासून अंगणातल्या सळईपर्यंत साधारण १० मीटर तार.
तक्रारी तीन. सीडब्ल्यूमध्ये (मोर्समध्ये) पूर्ण पॉवरवर की दाबली की डिस्प्ले मंदावतो, कधी रेडिओ बंद होऊन परत चालू होतो. रेडिओच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. आणि ४० मीटर बँडवर नुसत्या गोंगाटाचा आवाज सिग्नल-मीटरवर सतत एस-७ ते एस-८. सुरुवात कुठून करू?

तांबेपितळ:
रेडिओ उघडू नका, तो शाबूत असण्याचीच शक्यता जास्त. आधी व्होल्टेज मोजा, आणि ते लोडवर मोजा. लोड नसताना १३.८ दिसतं याला काही अर्थ नाही.
डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रोध) लावा. नसेल तर १ किलोओहमचे २ वॉटचे २० कार्बन फिल्म किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा, ५० ओहम होतात. उघड्यावर ४० वॉट सतत झेपतात. १०० वॉट द्यायचे तर एका वेळी पाच सेकंद, मग गार होऊ द्या. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, ती मुळात कॉइलच असते, एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) कुठल्या कुठे जातो.
आता की दाबून चार आकडे लिहून घ्या: १) सप्लायच्या टर्मिनलवर, २) रेडिओच्या प्लगवर, ३) मीटरचं एक टोक सप्लायच्या प्लसला, दुसरं रेडिओच्या प्लसला, ४) तसंच मायनसला. तिसरा आणि चौथा आकडा खरी गोष्ट सांगतात.

नवा_हॅम_पुणे:
मोजलं. सप्लायवर १३.६, रेडिओवर ११.९. प्लसच्या बाजूला १.१ व्होल्ट, मायनसच्या बाजूला ०.६. रेडिओ त्या वेळी साधारण २० अँपिअर ओढतोय.

तांबेपितळ:
छान, सगळं यात आलं. सप्लाय ०.२ ने खाली येतो, म्हणजे तो ठीक आहे. वाटेत १.७ व्होल्ट हरवतात.
वायरचा हिशेब: तांब्याचा रोध ०.०१७२ गुणिले लांबी मीटरमध्ये, भागिले जाडी स्क्वेअर एमएममध्ये. ४ मीटरला २.५ ची वायर म्हणजे ०.०२७५ ओहम, २० अँपिअरला ०.५५ व्होल्ट. जायची एक आणि यायची एक, मिळून १.१. हे वायरचं खाणं झालं. मायनसला ०.६ मिळाले, म्हणजे तिथले जोड बरे आहेत. प्लसला मात्र ०.५५ जास्तीचे जातायत, आणि प्लसमध्येच तुमचा फ्यूज होल्डर असणार. मीटर मिलिव्होल्टवर घ्या, होल्डरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. मग पट्टी कनेक्टर वापरला असेल तर त्याच्यावर.
बहुतेक १०० वॉटच्या रेडिओंना १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के चालतं. आयसी-७३०० चं उदाहरण घ्या: हीच मर्यादा, आणि पूर्ण पॉवरला २१ अँपिअर. म्हणजे खालची हद्द ११.७३. तुम्ही ११.९ वर उभे आहात. की दाबल्याच्या क्षणी जो झटका बसतो त्यात रेडिओ त्या हद्दीखाली जातो आणि स्वतःला बंद करतो. त्याआधीही नुकसान चालूच असतं: व्होल्टेज पडलं की फायनलचा (शेवटच्या पॉवर अॅम्प्लिफायरचा) आवाका कमी होतो, एसएसबी (बोलण्याचा सिग्नल) शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर पसरतो. बँडवरच्या दुसऱ्यांना त्रास तिथून होतो.

नवा_हॅम_पुणे:
फ्यूज होल्डरवर ३५० मिलिव्होल्ट, पट्टी कनेक्टरवर २००. होल्डर हाताला गरम लागतोय.

तांबेपितळ:
लागणारच. ०.३५ गुणिले २० म्हणजे ७ वॉट, त्या एवढ्याशा प्लास्टिकमध्ये. निरोगी ब्लेड फ्यूज होल्डरसकट ५०-६० मिलिव्होल्टच्या आत असायला हवा. आतल्या पितळी चिमट्याचा ताण गेला की रोध वाढतो, रोध वाढला की तापतो, तापला की उरलासुरला ताणही जातो. फ्यूज उडत नाही, होल्डर वितळतो. फ्यूज काढून त्याची पाती पाहा: एका पात्याला निळसर-तपकिरी डाग आणि चिमट्याच्या कडेला प्लास्टिक किंचित वाकलेलं दिसेल. असा होल्डर घासून वापरू नका, बदला.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
वायर जाड करण्याआधी सप्लाय जवळ आणा. २० अँपिअर डीसी लांब नेण्यापेक्षा २३० व्होल्टची वायर लांब न्यायला केव्हाही सोपी. तिथे तेवढ्याच कामाला दीड-दोन अँपिअर पुरतात. रेडिओपासून दीड मीटरवर सप्लाय ठेवा आणि ६ स्क्वेअर एमएम मल्टिस्ट्रँड वापरा: जाऊन-येऊन ३ मीटर, ०.०१७ व्होल्ट दर दोन अँपिअरला, म्हणजे २० ला ०.१७. प्रश्न मिटला.
जोडांबद्दल माझं मत ठाम आहे. पट्टी कनेक्टर काढूनच टाका. सप्लायच्या स्क्रूला थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण), तेही नीट क्रिंपिंग टूलने दाबलेलं, पकडीने चेपलेलं नव्हे. आणि स्क्रूखाली घालायच्या वायरच्या टोकाला सोल्डर पाजू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, सहा महिन्यांत स्क्रू सैल. काढता-घालता येईल असा जोड हवा असेल तर अँडरसन पॉवरपोल घ्या; १५, ३० आणि ४५ अँपिअरचे पत्रे एकाच आकाराच्या खोळीत बसतात. १५ चा पत्रा चुकून घेतला जातो, तेवढं बघा. ६ स्क्वेअर एमएमला ४५ चा पत्रा लागतो.

मंजिरी_४०मीटर:
फ्यूज कुठे, यावर दोन शब्द. फ्यूज रेडिओला नाही, वायरला वाचवतो. म्हणून तो उगमाजवळ हवा. एसएमपीएस असेल तर शॉर्ट झाल्यावर तो स्वतःच करंट आवरतो. पण घरातल्या इन्व्हर्टरच्या १५० एएच ट्यूब्युलर बॅटरीवरून रेडिओ चालवणारे खूप आहेत, आणि ती बॅटरी शॉर्टमध्ये हजार अँपिअरच्या घरात करंट देते. तिथे प्लसच्या खांबापासून १५-२० सेंटिमीटरच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज पाहिजेच.
दुसरं, बॅटरीवर असाल तर वायरचा हिशेब जास्त कडक करा. लोडवर बॅटरी १२.३ ला आली आणि वायरने ०.६ खाल्ले, तर रेडिओला ११.७ मिळतात. बॅटरी अर्धी भरलेली असतानाच रेडिओ बंद पडतो, आणि माणूस बॅटरीला दोष देतो.

चक्रधर_सातारा:
मायनसमध्येही फ्यूज घालावा की नाही? काही रेडिओंच्या कंपनीच्या वायरीत दोन्हीकडे असतो.

मंजिरी_४०मीटर:
चक्रधरभाऊ, तो गाडीसाठी. दोन्ही तारा थेट बॅटरीला नेल्या आणि इंजिनाची अर्थ-पट्टी सैल झाली, तर स्टार्टरचा करंट रेडिओच्या मायनसमधून, कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो. तेव्हा तो फ्यूज कामाला येतो. घरच्या स्टेशनात काम प्लसचा फ्यूजच करतो. कंपनीची वायर असेल तर दुसरा काढू नका, पण तिथेही होल्डरवरचे मिलिव्होल्ट मोजा.

तांबेपितळ:
आता झिणझिण्या. हे आरएफ (प्रक्षेपणाचा रेडिओ करंट) नसून घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ असण्याचीच शक्यता जास्त, कारण कळ न दाबताही येतात, बरोबर? एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून डब्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, गोंगाट जिरवायला. डब्याला अर्थ मिळाला नाही तर तो मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत असतो म्हणून नुसती मुंगी येते, पण सप्लायचं इन्सुलेशन फुटलं तर तोच डबा जीव घेऊ शकतो.
सॉकेटवर मोजा: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी दिसलं तर अर्थ तुटलेला आहे. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. तसं असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थ ओढून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. तात्पुरतं म्हणून न्यूट्रल आणि अर्थची पिन आपसात जोडायची, हे कधीही करू नका. न्यूट्रल कुठे तुटला तर तुमच्या रेडिओच्या पत्र्यावर सरळ २३० येतात. गॅसच्या पाइपला अर्थ जोडणं तर नाहीच नाही. नळाच्या पाइपलाही नको, आता ते प्लास्टिकचे असतात.

नवा_हॅम_पुणे:
सॉकेट नीट आहे. सप्लायची कॉर्डच दोन पिनांची निघाली! अंगणातल्या सळईला तार आहे म्हणून तिसऱ्या पिनेची गरज नाही असं वाटलं होतं.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
तीन पिनांची कॉर्ड आजच लावा, हिरवी तार सप्लायच्या अर्थ-टर्मिनलला. सळईचा मुद्दा मोठा आहे, सविस्तर लिहितो.
घराची अर्थिंग एक आणि तुमची सळई दुसरी, दोघी एकमेकींना जोडलेल्या नाहीत, हे सगळ्यात वाईट. जवळपास वीज पडली की दोन सळयांमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो, आणि त्यांना जोडणारी एकमेव गोष्ट म्हणजे तुमचा रेडिओ. करंट त्यातून जातो. सळई ठेवायची तर ती घराच्या मुख्य अर्थिंगला जमिनीलगत, बाहेरून, जाड तांब्याच्या तारेने बांधा.
टेबलामागे २५ बाय ३ मिलिमीटरची तांब्याची पट्टी, फूटभर लांब, पुरते. रेडिओ, सप्लाय, ट्यूनर (अँटेना जुळवून घेणारी पेटी), एसडब्ल्यूआर मीटर, प्रत्येकाची वेगळी आखूड तार त्या पट्टीला. एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळी नको.
आणि तुमची ती १० मीटरची तार आरएफसाठी अर्थ नाहीच. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेदहा मीटर होते. पाव तरंगलांबीच्या तारेचं खालचं टोक जमिनीत, म्हणजे वरचं टोक, जे तुमच्या रेडिओला लागलंय, ते आरएफच्या दृष्टीने जवळजवळ सुटं. वर ती तार स्वतःच अँटेनासारखी वागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने आरएफ अर्थच्या मागे लागूच नये. डायपोल समतोल ठेवा, फीडपॉइंटला (कोअॅक्स अँटेनाला मिळते तिथे) चोक लावा, म्हणजे जाळीच्या बाहेरून आरएफ परत येणार नाही, तेवढं पुरतं.

चक्रधर_सातारा:
चोक कसा करायचा? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत संगणकाच्या जुन्या सप्लायमधले पिवळे-पांढरे टोरॉइड (कड्यासारखे गाभे) ढिगाने मिळतात, ते चालतील का?

मंजिरी_४०मीटर:
नाही. ते लोखंडी भुकटीचे, रोध नगण्य मिळतो. एफटी-२४०-३१ ही फेराइटची रिंग घ्या: बाहेरून ६१ मिलिमीटर, आतून ३५.५. त्यावर आरजी-५८ चे १२ वेढे बसतात, ४० मीटरसाठी उत्तम. फक्त आरजी-५८ च्या आतलं पॉलिथिलीन मऊ असतं. घट्ट वळण आणि उष्णता एकत्र आली की मधली तार हळूहळू जाळीकडे सरकते आणि एक दिवस शॉर्ट होतो. टेफ्लॉनची आरजी-४०० मिळाली तर तिचेच वेढे घ्या. १०० वॉटपर्यंत आरजी-३१६ सुद्धा चालते.
टोरॉइड मिळतच नसेल तर ४-५ इंची पीव्हीसी पाइपवर कोअॅक्सचे साधारण ६ मीटर शेजारी-शेजारी गुंडाळा. वेढे एकावर एक चढवलेत तर फायदा जातो.

तांबेपितळ:
मंजिरीताईंच्या १२ वेढ्यांना दुजोरा. रोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणूनच यूएसबी वायरवर एक क्लिप-फेराइट अडकवून एचएफवर फारसं काही होत नाही. त्याच वायरचे मोठ्या रिंगवर सहा-सात वेढे घ्या, फरक कळेल. बोलताना पॉवर वाढवली की आवाज फाटतो, स्पीकरमधून चुरचुर येते, कीबोर्ड आपोआप टाइप करतो: ही सगळी जाळीच्या बाहेरून परत येणाऱ्या आरएफची लक्षणं. उपाय आधी फीडपॉइंटला, मग टेबलावर.

प्रभार_डोंबिवली:
गोंगाटाबद्दल. एस-८ कुठून येतो हे ठरवायला रेडिओ बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच खाली करा. आवाज एकदम पडला तर चोर घरात. मग एकेक एमसीबी वर करत जा: एलईडी बल्बचे ड्रायव्हर, मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर, राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर. मेन बंद करूनही आवाज तसाच राहिला तर तो इमारतीतला किंवा गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा.
तुमच्या सप्लायवरही माझा संशय आहे. ओळखायची खूण: बँडवर हळूहळू फिरलात की ठराविक अंतराने गुरगुरणारा फुगवटा येतो आणि तो एका जागी स्थिर नसतो, सरकत राहतो. हे स्विचिंग फ्रीक्वेन्सीचे हार्मोनिक. डीसीच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकत्र धरून मंजिरीताईंनी सांगितलेल्या एफटी-२४०-३१ रिंगवर सहा वेढे घ्या. दोन्ही एकत्रच हव्यात. एकटी प्लस गुंडाळली तर २० अँपिअरने फेराइट भरून जाईल आणि उपयोग शून्य. एसी कॉर्डलाही दुसरी रिंग. तिसरी पिन जोडल्यावर निम्मा आवाज तिथेच कमी होईल, कारण आतल्या फिल्टरला जमीन मिळेल.

चक्रधर_सातारा:
त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर सप्लाय घरीच केला तर? शांत असतो म्हणतात.

प्रभार_डोंबिवली:
शांत असतो, खरं आहे. पण २० अँपिअरचा करायचा तर आकडे बघून ठरवा. १८ व्होल्ट एसीचा जड ट्रान्सफॉर्मर, शिखर २५.४, डायोडच्या ब्रिजमध्ये २ जातात, उरले २३.४. पूर्ण लोडवर ४७,००० मायक्रोफॅरड लावूनही १० मिलिसेकंदांत चारेक व्होल्टची लहर पडते. म्हणजे तळ १९.४, तोपर्यंत रेग्युलेटर खूश. सरासरी २१.५ धरली तर पास ट्रान्झिस्टरमध्ये (ज्यांतून सगळा करंट जातो त्यांच्यात) १५० वॉट उष्णता. २एन३०५५ ला प्रत्येकी ४ अँपिअरपेक्षा जास्त देऊ नका, म्हणजे किमान पाच, प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहम ५ वॉट, मोठा हीटसिंक आणि पंखा.
खरा धोका पुढे आहे. यातला एक जरी ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर वीसच्या वर व्होल्ट सरळ रेडिओत जातात. क्रोबार (व्होल्टेज चढलं की आउटपुट शॉर्ट करणारं संरक्षण) नसलेला लिनियर सप्लाय रेडिओला जोडूच नये. १५ व्होल्टचा झेनर डायोड एससीआरच्या (गेटने चालू होणाऱ्या डायोडसारख्या स्विचच्या) गेटला: गेटचे ०.७ धरून १५.७ ला तो पेटतो आणि आउटपुट शॉर्ट करतो. रेडिओची वरची हद्द १५.८७ आहे, इतकं ते काठावर बसतं, म्हणून झेनर मोजून निवडा. फ्यूज एससीआरच्या मागे, कच्च्या डीसीच्या बाजूला पाहिजे. पुढे घातला तर क्रोबार पेटेल, पण तोडणार कोण?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
अँटेनाकडे वळू. ४० मीटरचा डायपोल १४३ भागिले मेगाहर्ट्झ: ७.१ ला २०.१४ मीटर, प्रत्येक हात १०.०७. घरगुती इन्सुलेटेड वायर वापरली तर दोन-चार टक्के आखूड लागते, पण आधी कापू नका, टोक दुमडून एसडब्ल्यूआर बघा. आपल्याकडे बँड ७.००० ते ७.२००, मधोमध बसवलात तर दोन्ही कडांना ट्यूनर लागत नाही.
३० मीटर आरजी-५८ ला ४० मीटरवर सव्वा डीबीच्या आसपास नुकसान, १०० वॉटचे ७५ पोहोचतात. चालवून घ्या. पण त्याच वायरवर पुढे टू मीटर बँडचा (व्हीएचएफ) अँटेना लावाल तर थांबा: १४५ मेगाहर्ट्झला ६ डीबी जातात, ५० वॉटचे साडेबारा उरतात. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एसडब्ल्यूआर. ६ डीबी जाताना, ६ येताना, म्हणून अँटेना पूर्ण तुटून पडला तरी खाली मीटर १.७ दाखवतो आणि आपण निर्धास्त राहतो. व्हीएचएफला आरजी-२१३ किंवा एलएमआर-४०० च घ्या.

मंजिरी_४०मीटर:
कनेक्टर राहिले. पीएल-२५९ म्हणजे रेडिओला लागणारा कोअॅक्सचा प्लग; त्यात आरजी-५८ घालायला यूजी-१७५ रिड्यूसर लागतो. २५ वॉटच्या कावियाने (सोल्डरिंग आयर्नने) जाळी नीट सोल्डर होत नाही. धातू उष्णता पिऊन घेतो, सोल्डर गोळी होऊन वर राहतं आणि आतलं प्लास्टिक आधी वितळतं. ८०-१०० वॉटचा, जाड टोकाचा कावीया घ्या, पटकन तापवा, पटकन काढा. पांढऱ्या टेफ्लॉनचा कनेक्टर थोडा महाग पडतो, पण तोच घ्या. झाल्यावर मीटरने मधली तार ते बाहेरचा भाग तपासा, आणि वायर हलवत तपासा.

नवा_हॅम_पुणे:
सर्वांचे मनापासून आभार. सप्लाय जवळ आणला, ६ स्क्वेअर एमएम, थिंबल, नवा होल्डर, तीन पिनांची कॉर्ड. आता की दाबल्यावर रेडिओवर १३.३५. झिणझिण्या गेल्या. आवाज एस-५ वर आलाय, रिंगा मागवल्यात. दोन गोष्टी उरल्या: गच्चीवरचा जोड पावसासाठी कसा बंद करू, आणि विजेचं काय?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप, दुप्पट लांब होईल इतकी ताणून, खालून वर गुंडाळत जा म्हणजे वेढे कौलांसारखे बसतात. तीन थर. वरून उन्हासाठी चांगली विनाइल टेप. नुसती विनाइल लावली तर एका उन्हाळ्यात चिकट सुटते आणि पाणी जाळीतून केशाकर्षणाने मीटरभर आत जातं. जाळी काळी पडली की ती वायर टाकायचीच. खिडकीतून आत घेण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. फीडपॉइंटची पेटी असेल तर तिच्या तळाला एक बारीक भोक ठेवा.
वीज: वळवाचा आणि परतीचा पाऊस हे दोन काळ सगळ्यात वाईट. काम झालं की पीएल-२५९ सोडवून कोअॅक्सचं टोक खिडकीबाहेर ठेवा, खोलीत टेबलाशेजारी नको. सप्लायचा प्लग भिंतीतून काढा. गॅस-ट्यूबचा अरेस्टर लावा, पण त्याची तार घराच्या अर्थला सरळ आणि आखूड, वळणं न घेता. थेट पडलेल्या विजेपुढे तो टिकत नाही. दूरच्या कडकडाटाने तारेवर चढणाऱ्या भारासाठी तो असतो. त्या भारासाठी फीडपॉइंटला दोन हातांमध्ये १०० किलोओहमचा २ वॉटचा रेझिस्टरही जोडून ठेवा. १०० वॉटवर त्यात ०.०५ वॉट जातात, एसडब्ल्यूआरला काही कळत नाही.

तांबेपितळ:
एक शेवटचं मोजमाप महिनाभराने करा. नवीन थिंबलखालचे स्क्रू एकदा बसतात, मग थोडे सैल होतात. सप्लाय बंद करून पुन्हा आवळा आणि की दाबून प्लसच्या बाजूचे मिलिव्होल्ट लिहून ठेवा. आज १५० च्या आसपास येत असतील. पुढे कधी २०० दिसले तर जोड उघडायची वेळ झाली.